छातीतली उसण

मी पायाळू आहे. सगळी लेकरं आईच्या पोटातून डोक्याकडून येतात, मी पायांकडून आले. सुईण म्हणाली होती म्हणे, हिला चालायची फार घाई दिसते. पायाळू माणसावर वीज पडते असं लोक मानतात, म्हणून आभाळ गडगडलं की आई मला ओढून आत कोंडायची आणि बाकीची पोरं अंगणात नाचायची. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं असंही म्हणतात. मला जन्मभरात जमिनीत रताळी आणि मुळे तेवढे दिसले, तेही माझ्याच हातांनी लावलेले. पण पायाळूचा एक गुण मात्र सारं वऱ्हाड खरा मानतं. ओझं उचलताना किंवा वाकताना माणसाच्या पाठीत, बरगडीत एकाएकी चमक भरते आणि तो तिथंच आखडतो, त्याला उसण म्हणतात. अशा जागी पायाळूनं सकाळी अनशा पोटी तीनदा टाच लावली की उसण उतरते.

लिहायला मला नातीनं शिकवलं. ती म्हणते, आजी, 'मले-तुले' लिहू नको, शाळेत हसतात. बरं बाई, म्हटलं, माझं मी तुझ्या पुस्तकासारखं लिहीन. पण माणसं जशी बोलली तसंच त्यांचं बोलणं लिहीन. मेलेल्या माणसांची बोली सुधारायला मी कोण?

त्या वर्षांत अमरावतीला कापसाचं वेड लागलं होतं. साता समुद्रापलीकडं कुठंतरी भाऊबंदकीची लढाई पेटली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, असं व्यापारी सांगत. आम्हाला लढाई दिसली नाही, धूळ दिसली. दिवाळी झाली की चैत्र संपेपर्यंत गाड्यांमागून गाड्या, आणि गावाच्या परकोटाबाहेरच्या आमच्या बागेतली मेथी त्या धुळीनं पांढरी. कुणी म्हणे गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. बसवल्या असतील. आमच्या दारावरून गेलेल्या चाकांना वंगणसुद्धा नसायचं, बोंबलत जायची.

एवढा माल माणसांच्या पाठीवरूनच चढायचा-उतरायचा, तेव्हा उसणीलाही भाव आला. सकाळी आमच्या दारापुढं हमाल, गाडीवान, सरकी वेगळी करायचे रेचे फिरवणाऱ्या बाया, सगळे वाकडेतिकडे होऊन बसलेले असत. एकेकानं पालथं पडायचं, मी टाच लावायची. टाचेखाली उसण कळते. मळलेल्या कणकेत खडा लागावा तशी गाठ लागते, आणि ती दबली की माणूस सुटल्यासारखा श्वास टाकतो. याचं मोल घ्यायचं नसतं, घेतलं तर गुण जातो. आणि पाय लावताना बोलायचं नसतं. मोल सोडणं मला कधी जड गेलं नाही, पण तोंड मिटून ठेवायचं म्हणजे भारी शिक्षा. आमचे धनी लांबून बघत बसायचे आणि म्हणायचे, "एवढा वेळ तू गप ऱ्हायते, लोकायले त्याचाच आराम पडते. पायाचं कायी नाही."

धनी म्हणजे माझे मालक. अंगानं खणखणीत, तिशी ओलांडून थोडी वर्षं झालेली, डोकं कधी दुखलं म्हणून निजलेले मी पाहिले नव्हते. घरी वांगी, मेथी, कोथिंबीर आणि झेंडूचे वाफे. पण उन्हाळ्यात विहीर तळाला जायची, आणि ती खोल करायची हे त्यांनी मनावर घेतलेलं. बागेच्या जिवावर ते होईना, म्हणून ते कापसाच्या बाजारात रुई तुडवायला जाऊ लागले.

हे काम आता कुणी करत नाही, म्हणून सांगते. जमिनीत खोल खड्डा असायचा, तोंडाशी लाकडाची चौकट. तिला माणसापेक्षा उंच पोतं टांगायचं. तुडवणारा पोत्यात उतरायचा. वरून रुई टाकत जायची आणि त्यानं पायांनी तुडवत, दाबत जायचं. खाली थर बसत गेला की माणूस वर वर येतो. आधी डोकं दिसतं, मग छाती, मग कंबर, आणि पोतं दगडासारखं भरलं की तो काठावर पाय टाकून बाहेर येतो. मग दुसरं पोतं. दिवसभर ते चालत चालत खड्ड्यातून वर यायचे आणि परत खाली जायचे. मी हसायचे, म्हणायचे, पायाळू मी, आणि पायाचं खाता तुम्ही.

घरात आम्ही दोघं, आमचा लहान मुलगा आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. सासरे मला पाहायला मिळालेच नाहीत. आत्याबाई बोलायला विळ्यासारखी, पण मनात काही ठेवायची नाही. तिचा एकच शौक होता, केस. कमरेखाली जायचे, आणि रोज सकाळी तिळाचं तेल लावून ते विंचरून घ्यायची ती माझ्याकडून. तेवढा वेळ ती लेकरासारखी बसायची, मान माझ्या हातात सोडून. सासू-सुनेची सगळी भांडणं आम्ही त्या तेलातच मिटवली.

पौषात एक दिवस धनी भर दुपारी घरी आले आणि ओट्यावर टेकले. हात छातीवर.

"उसण भरली वाटते," ते म्हणाले. "छातीत भरली. हात पाह्य कसा जड झाला, भरली घागर टांगल्यावानी."

दुखणं डाव्या हातात उतरत होतं, दाढेपर्यंत चढत होतं. आणि अंगाला घाम. मी म्हटलं, थंडीत घाम कसा? आत्याबाई म्हणाली, रुईत उभं राहून बघ, मग समजेल. ते खरंही वाटलं. तिनं ओवा दिला, हिंग चाटवला, वीट तापवून शेकलं, दुसऱ्या दिवशी बिब्ब्याचा चटकाही दिला. वायगोळा असेल तर ओव्यानं जावा, चमक असेल तर बिब्ब्यानं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे आज कळतं. त्या घरात तेव्हा छातीतल्या दुखण्याला याहून वेगळं नावच नव्हतं. अंगमेहनतीच्या माणसाला उसण भरते आणि मरतो तो म्हातारा, एवढंच ठाऊक. धडधाकट माणूस छाती दुखून मरतो हे कुणाच्या गावीही नव्हतं.

उसणच ती, असं ठरल्यावर सगळ्यांचे डोळे माझ्या पायांकडे वळले आणि तसेच झटकन परतले. साऱ्या अमरावतीच्या पाठीवर पाय ठेवणारी मी, पण नवऱ्याला पाय कसा लावणार? झोपेत चुकून पाय लागला तरी आम्ही बाया हात लावून कपाळाला लावतो.

"नवऱ्याले पाय लावते का कोनी?" आत्याबाई म्हणाली. "नरकातही जागा भेटनार नाही. दुसरा पायाळू पाहू."

दुसरा पायाळू सापडला तो अकोल्याला. मोर्णा नदीच्या काठी एक म्हातारा कुंभार होता, त्याच्या पायाचा गुण मोठा असं गाडीवान सांगत. रुईच्या गाड्या अकोल्याच्या बाजाराला निघाल्या की पोती नीट उतरवून द्यायला एक जाणता माणूस बरोबर लागायचा. धनी त्या गाड्यांबरोबर गेले. बडनेरा, मूर्तिजापूर, मुक्काम करत करत, रुईच्या पोत्यांवर निजून. आगगाडी अजून आमच्या मुलखात यायची होती.

परत आले ते हसतच. छाती मोकळी, हात हलका. आल्या आल्या पोराला खांद्यावर घेऊन बागेला फेरी मारली आणि भाकरीवर भाकरी खाल्ली. "तिथं पोचेपर्यंतच अर्धी उतरली होती," म्हणाले, "कुंभाराच्या नुसत्या नावानं. मंग त्यानं पाय लावला अन् ऱ्हायलेली गेली." मला हायसं वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. माझ्या टाचेला रोज लोक नमस्कार करतात आणि माझा नवरा उसण उतरवायला अकोल्याला जातो. त्या म्हाताऱ्याच्या पायाला काय सोनं लागलं होतं?

थोडे दिवस बरे गेले. पुन्हा तुडवायला लागले आणि पुन्हा छातीत भरली. पुन्हा अकोला, पुन्हा आराम. मग तसा नेमच पडला. आत्याबाई प्रत्येक खेपेला कुंभारासाठी वांग्यांची टोपली द्यायची, निवडून, एकही किडकं नको म्हणून. आम्ही तिघंही त्या म्हाताऱ्याला मनोमन हात जोडायचो. माणूस गाडीत पडून जातो, पडून येतो, तितके दिवस खड्ड्यात उतरत नाही, एवढी सरळ गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. आम्हाला पाय दिसत होता. गाडी दिसत नव्हती.

पुढं पुढं ते तुडवता तुडवता मध्येच थांबू लागले. पोत्यात उभे राहून चौकटीला धरून श्वास घ्यायचे. वरचे लोक चेष्टा करायचे, "पाटील निजले का गादीवर?" आतून तेही उत्तर द्यायचे, आणि जरा वेळानं पाय पुन्हा चालू. हे मला नंतर सांगितलं त्या लोकांनी. घरी ते काही बोलले नाहीत. विहिरीचं काम त्या उन्हाळ्यात धरायचं होतं.

चैत्र सरत आला. मोसमातल्या शेवटच्या गाड्या भरायच्या होत्या, मग पावसापर्यंत सुट्टीच. अशात अकोल्याहून आलेला गाडीवान पाणी प्यायला थांबला आणि बोलता बोलता म्हणाला, कुंभार मेला. म्हातारा होता, झोपेतच गेला. धनी वाफ्यात पाणी लावत होते. ते उभे राहिले आणि हसले.

"आता काय करता बाप्पा," म्हणाले, "उसनीले सांगा, कुंभार नाही, येऊ नको."

ती आली. दुसऱ्याच सकाळी, विहिरीवरून भरल्या घागरी आणताना. घागरी त्यांनी कशाबशा खाली ठेवल्या आणि ओसरीवर येऊन घोंगडीवर आडवे झाले. तोंड राखेसारखं झालं होतं. मी आत्याबाईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे. आमच्या दारात त्या वेळी उसणीची माणसं बसली होती, त्यांना तिनं परत पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"ठेव पाय," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ठेव म्हनते ना. माया सांगन्यावरून ठेवून राह्यली तू. पाप लागन तं माया डोक्यावर."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, डोळ्यांनी बघायला नको म्हणून. मी आधी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, मग उभी राहिले. हजारो पाठींना टाच लावलेली मी, पण त्या दिवशी पाय उचलायच्या आधी पदरानं टाच पुसून घेतली. छातीवर डाव्या बाजूला टाच टेकवली. गाठ लागेना. जरा वर, जरा खाली. पाठीत खड्यासारखी लागते तशी कुठं काही लागेना. टाचेखाली नुसती धडधड होती, थबकणारी, मग एकदम धावणारी. नियम मोडून मी बोलले.

"गाठ लागत नाही."

"तिथंच हाय," ते म्हणाले. "लाव."

तिसऱ्यांदा टाच लावली. त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड केलेल्या आईच्या पाठीकडे. आणि म्हणाले, "उतरली, माय. कुंभारापेक्षा हिचाच पाय हलका हाय. उगाच अकोला केला एवढे दिवस."

आत्याबाईनं वळून पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढं मोठं पाप तिनं घेतलं आणि ते सार्थकी लागलं. तिचा आवाज मोकळा झाला.

"मंग ऊठ," ती म्हणाली. "उन्हं चढाच्या आत जाय. आज शेवटच्या गाड्या भरून राह्यले म्हनत होता ना. आजचा दिवस रेट, मंग आहेच तुया आराम."

ते उठले. घोंगडीवर पडून राहिल्यानं थोडं बरं वाटलंही असेल. अंबाडीची भाजी आणि भाकरी खाल्ली, अर्धीच. झेंडूच्या वाफ्यापाशी जरा थांबले. मला वाटलं फुलं बघतात. मग गेले.

दुपारी दोघं जण आले. सोबत तुडवणारेच होते. दारातच उभे राहिले. मग एकानं सांगितलं. अर्धं पोतं भरत आलं आणि आतले पाय थांबले. नेहमीचंच म्हणून त्यांनी रुई टाकायची थांबवली आणि आपसात बोलत बसले. चेष्टाही केली, पाटील निजले का म्हणून. उत्तर आलं नाही. मग एक जण वाकला. ते उभेच होते. चारी बाजूंनी रुईनं धरून ठेवलं होतं, म्हणून पडलेसुद्धा नव्हते.

त्यांना घरी आणलं तेव्हा त्यांच्या केसांना, भुवयांना रुई लागली होती, एकदम म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. तेवढंच म्हातारपण मला पाहायला मिळालं. मला फार राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. विहिरीचा आला, व्यापाऱ्याचा आला, चांदीच्या धावांचा आला. त्यांचाही आला.

लोक म्हणाले नजर लागली, म्हणाले रुई छातीत बसली, म्हणाले अंगावरून वारं गेलं. माझ्या पायाचं कुणी म्हणालं नाही, कारण ते तिघांनाच माहीत होतं आणि त्यातला एक गेला होता. आत्याबाईनं मला शब्दानं दोष दिला नाही. एकदा भांडणातही नाही. तेरावा झाल्यावर सकाळी मी तेलाची वाटी घेऊन नेहमीसारखी तिच्या मागं बसले. तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला.

"राहू दे," म्हणाली. "डोक्यावर ओझं हाय माया. तेल नको आता."

मला समजलं. नवऱ्याला पाय लावायला तिनं मला सांगितलं, पाप माझ्या डोक्यावर म्हणाली, आणि देवानं त्याच दिवशी ते वसूल केलं, असा तिचा हिशेब होता. माझाही तोच होता. आम्ही दोघी एका घरात, एका चुलीवर जेवत होतो आणि दोघींच्या मनात तीच टाच होती. मी अनेकदा म्हटलं, आत्याबाई, तेल लावू द्या. ती कधी हो म्हणाली नाही. ते सुंदर केस आधी कोरडे झाले, मग गुंतले, मग त्यांच्या जटा झाल्या. मीही कुणाला पाय लावणं सोडलं. लोकांना वाटलं विधवेचा गुण जातो, म्हणून तेही यायचे थांबले.

ती लढाई मिटली आणि कापसाचा भाव धाडकन पडला. बडनेऱ्याला आगगाडी आली. वाफेवर चालणारे लोखंडी दाब आले आणि ते खड्डे बुजवले गेले. आम्ही दोघींनी बाग केली, पोराला वाढवलं, त्याचं लग्न केलं. विहीर त्यानंच पुढं खोल केली. पण वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला कापूस कुठं सोडतो? तो अकोल्याला रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात लागला. बापाएवढाच धिप्पाड, आणि हळूहळू बापाच्या वयाला आला.

एक दिवस सुनेचा निरोप आला, लवकर या. मी आगगाडीत बसले. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. ज्या वाटेला गाड्यांना इतके मुक्काम पडायचे ती एका सकाळीत संपली. मुलगा सरकारी दवाखान्यात निजला होता. छातीत दुखतं, डाव्या हातात उतरतं, दाढ धरते, घाम येतो. सून सांगत होती आणि पुढचा शब्द मला आधीच ठाऊक होता.

तिथला डॉक्टर आपल्याच इकडचा, वयानं पोरसवदा, पण शांत. त्यानं नळी लावून छाती ऐकली आणि मला विचारलं, याचा बाप कशानं गेला?

"छातीत उसण भरली होती," मी म्हटलं, आणि मग का कोण जाणे, इतक्या वर्षांचं सगळं त्याच्यापुढं ओतलं. खड्डा, कुंभार, गाडी, पाय, सगळं. तो हसला नाही.

"बाई, ती उसण नव्हती," म्हणाला. "काळजाचं दुखणं होतं. ओझं उचललं, चाललं की दुखतं, बसलं की थांबतं, ही त्याची खूण. लोकांना वाटतं म्हाताऱ्यांचं आहे. पण हे कमावत्या माणसाला उभ्या उभ्या नेतं."

"पाय लावल्यानं?"

"पाय लावल्यानं काहीच होत नाही. बरंही नाही, वाईटही नाही."

"पण कुंभारानं पाय लावला की बरं वाटायचं त्यांना."

"अकोल्यापर्यंत यायचे कसे?"

"गाडीत. निजून."

"मग त्यांना गाडीनं बरं केलं," म्हणाला. "कुंभारानं नाही."

मुलाला त्यानं सांगितलं, दोन महिने पाठ टेकून राहा, आणि ओझं जन्मात उचलू नको. औषधही दिलं काहीतरी. मुलानं कारखाना सोडला, बाग धरली. आज तो माझ्या नातीचा बाप, वाफ्यात बसून मजुरांवर ओरडत असतो, आणि ओरडू नको म्हणून मी त्याच्यावर ओरडत असते. आता ओळखीचं कुणी छाती धरून दिसलं की मी त्याला घरी पाठवून निजायला लावते. पण बैल गेला आणि झोपा केला, तसंच हे.

परतीच्या आगगाडीत मी बसले आणि मला आनंद झाला. खरंच सांगते, आनंद झाला. मुलगा वाचेल असं डॉक्टर म्हणाला होता, आणि दुसरं म्हणजे पाप नव्हतं. आत्याबाई जिवंत होती. डोळ्यांनी अंधुक झाली होती, ओसरीवर बसून असायची. इतकी वर्षं डोक्यावर वागवलेलं ओझं मी आता तिच्या डोक्यावरून काढून घेणार होते. घरी पोचले तशी पायसुद्धा न धुता तिच्यापुढं बसले.

"आत्याबाई, मी पाय लावला त्यानं कायी झालं नव्हतं. मोठ्या दवाखान्यातल्या डाक्तरनं सांगितलं. थे काळजाचं दुखनं होतं. तुमच्या डोक्यावर कायी पाप नाही."

तिची बोटं घोंगडीच्या काठावरून फिरत होती.

"अन् नातू?" तिनं विचारलं. "त्याले काय औषद देलं?"

मी उत्साहानं सांगून टाकलं. "औषद थोडंच. निजून ऱ्हाय म्हने. काम करू नको, निजून ऱ्हाय, मंग वाचशीन."

बोलून झालं आणि माझी जीभ तिथंच थांबली. तिची बोटंही थांबली.

"निजलाच होता ना तो," ती हळू म्हणाली. "याच ओसरीवर. घोंगडीवर."

मी तिच्याजवळ सरकले.

"अन् मी काय म्हनलं त्याले? ऊठ म्हनलं." तिनं अंधुक डोळे माझ्याकडे वळवले. "निजू देलं असतं तं राह्यला असता का वं तो?"

एक ओझं काढायला गेले आणि त्याहून जड दुसरं तिच्या डोक्यावर ठेवत होते. हे मी घरी येऊन सांगितलंच नसतं तर किती बरं झालं असतं. तिचं ते जुनं पाप खोटं तरी होतं.

"नाही," मी म्हटलं. "डाक्तरले मी थेच विचारलं. तो म्हने, त्यायचं लय पुढं गेलं होतं. निजले असते तरी गेले असते."

डॉक्टरला मी असं काही विचारलं नव्हतं.

ती ऐकत राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि माझ्याकडे पाठ केली.

"आन तं मंग तेल," ती म्हणाली.

मी वाटीत तिळाचं तेल कोमट करून आणलं. तिच्या मागं बसले, बोटं बुडवली आणि त्या जटा एकेक करून भिजवू लागले. कातडीपर्यंत तेल पोचायला फार वेळ लागला. तिनं मान माझ्या हातात सोडली होती, पूर्वीसारखी. तिला माझं तोंड दिसत नव्हतं हे बरं होतं.

"उतरलं का ओझं, आत्याबाई?" मी विचारलं.

"उतरलं," ती म्हणाली.

असंच तिचा लेक त्या सकाळी म्हणाला होता, माझ्याकडे पाहून, त्याच आवाजात. ती खरं बोलली की माझ्यासाठी बोलली, हे मला अजून कळलेलं नाही.